आक्का गुहेत मागे राहिली

त्या गुहेचं नाव मी सांगणार नाही. घाटापलीकडच्या एका राष्ट्रीय उद्यानात, दाट रानात, चुनखडीच्या डोंगराच्या पोटात ती आहे, एवढं पुरे. नाव छापलं की पुढच्या आठवड्यात तिथे अजून दोन गाड्या जाऊन थडकतील आणि आम्ही जे केलं तेच करतील. धूर मी पेटवला नाही, सुळका मी मोडला नाही. पण त्या गाडीत मी बसले होते, म्हणून आम्ही म्हणते.

मी हरमलची. नवरा आणि दीर होडी बघतात, मी घरामागच्या तीन खोल्या पाहुण्यांना देते आणि त्यांच्या जेवणाचं बघते. माहेर पार्से गावचं. माझी मोठी बहीण सुलोचना, आमची आक्का, डिचोलीत दिली. तिची आणि भावोजींची भाताची गिरण होती. उभा जन्म त्या पट्ट्याच्या घरघराटात काढल्यावर तिचा एक कान पार गेला आणि दुसरा मशीन लावल्याशिवाय कामाचा राहिला नाही. भावोजी गेले, गिरण बंद झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं आक्का आता देवळाच्या पायरीवर बसेल. ती म्हणाली, मी आता फिरणार.

हरमलच्या वाटेवर सर्वेश नावाचा मुलगा स्कूटर भाड्याने देतो आणि लोकांना रानावनात सहलीला नेतो. मुलगा कसला, तिशी ओलांडलेला बाप्या आहे. अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. तो मला पाहुणे पाठवायचा, मी माझे पाहुणे त्याच्याकडे. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तो आमच्या बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसून मोबाइलवर त्या गुहेचे फोटो दाखवत होता. आक्का तेव्हा माझ्याकडे आली होती. छताला पांढरे, पिवळसर सुळके लोंबताहेत, खालून तसेच सुळके वर उगवताहेत, काही ठिकाणी दोन्ही एकमेकांना भेटून खांब झालेत. आक्काने फोन हातात घेतला तो सोडेना.

"आमच्या हरवळ्यातल्यो गुहा माणसांनी कोरल्यानी. ही कोणी कोरली रे?" तिने विचारलं.

"पाण्यान, आंटी," सर्वेश म्हणाला.

झालं. आक्काचं ठरलं. मी सर्वेशला बाजूला घेऊन सांगितलं की हिला ऐकू येत नाही, अंधारात हिच्याजवळ सतत कुणीतरी हवं. तो म्हणाला, मावशी, टेन्शन घेऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर.

डिचोलीवरून घाटात

गाडीत दहा-बारा जण होते. बहुतेक बंगळूरची तरुण मुलं-मुली, आणि पुण्याचे पाटसकर म्हणून एक साठीचे गृहस्थ. पाटसकरांच्या अंगावर खिसेच खिसे असलेलं जाकीट, हातात चालायच्या दोन काठ्या. आक्का डिचोलीच्या बसस्टँडवर उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातलेला, पायात नवे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर कोकमाच्या सरबताची बाटली. मला इतकी छान वाटली ती.

तिथेच नाश्ता केला. पातळभाजी, पाव आणि मिरचीची भजी. पाटसकरांनी पातळभाजीकडे बघून ही उसळ आहे का असं विचारलं, मग पुण्याच्या मिसळीवर बोलत राहिले. गाडीत माझ्याशी बोलताना म्हणाले, तुमची मराठी जरा वेगळीच आहे. मी म्हटलं, आम्हाला तुमची वेगळी वाटते. हा माणूस दोन दिवस सोसायचा, असं मी मनात म्हटलं.

डिचोलीकडून साखळीला जाताना खिडकीतून खाणींनी कापलेले लाल डोंगर दिसतात. मुलांनी फोटो काढले. डोंगर कसे ताटासारखे सपाट झालेत ते त्यांना सुंदर वाटलं. आक्का त्या बाजूला बघतच नाही, कधीच बघत नाही. तिच्या सासरचं काजूचं भाट, म्हणजे बाग, त्यातल्याच एका डोंगरावर होतं.

चोर्ला घाट चढला तशी हवा गार झाली. पुढची वाट सांगत नाही. दुपार कलल्यावर रानाच्या कडेला एका कुणब्याच्या घरी उतरलो. घरातल्या बाईची कोकणी आमच्यासारखीच, फक्त शब्द लांबवून बोलायची, जणू बोलायला तिच्याकडे भरपूर वेळ आहे. तिने नाचणीची भाकरी, रानातल्या कंदाची भाजी आणि लाल मुंग्यांची चटणी वाढली. नुस्त्यावाचून, म्हणजे मासळीवाचून, आमचा घास उतरत नाही, पण ती चटणी आंबट, झणझणीत, कैरीची आठवण देणारी. आक्काने दोनदा मागून घेतली. मी तिसऱ्यांदा मागितली.

जेवताना त्या बाईने सांगितलं की गुहा त्यांच्या गावच्या देवाची. शिवरात्रीला सगळा गाव जातो, पायतणं बाहेर काढतो आणि आत मोठ्याने बोलत नाही. आमच्या हरवळ्यात शिवरात्रीला लाउडस्पीकर आणि खाज्याची दुकानं असतात, आणि इथे सगळा गाव गुपचूप आत जाऊन गुपचूप बाहेर येतो, हे मला फार आवडलं. मी सर्वेशला म्हटलं, मुलांना हे सांग. त्याने सांगितलं, इंग्रजीत, हसत, भुताखेताची गोष्ट सांगावी तसं.

गुहा

सकाळी उद्यानाच्या फाटकावर पहिली ठिणगी पडली. पहारेकऱ्याने सांगितलं की गावचा एक वाटाड्या बरोबर घ्या, आतली वाट फसवी आहे. दोन माणसं तिथे बसलीच होती, ती उठून उभी राहिली. सर्वेश म्हणाला, मी इथे कितीदा आलोय. पहारेकऱ्याला जरा बाजूला नेलं, खांद्यावर हात टाकला, हसत परत आला. ती दोन माणसं पुन्हा खाली बसली. वाटाड्याला द्यायचे चार पैसे वाचवायचे, दुसरं काय.

मग त्याने सगळ्यांचे फोन गाडीत ठेवायला लावले. दगडावर पडून फुटतील म्हणे, व्हिडिओ मीच काढतो. कपाळावर बांधायचे दिवे दिले, तेही दोघांत एक. आमचा दिवा माझ्या कपाळावर.

वाट खडतर होती. आधी बांबूचं बेट, मग सुटे दगड, मग मुळांना धरून उतरण. काही ठिकाणी चुनखडी उघडी पडलेली, सुरीसारख्या कडांची. माझा गुडघा खरचटला. पाटसकरांची एक काठी दरडीवरून खाली गेली, तेव्हा मला बरं वाटलं हे कबूल करते. आक्का मात्र नव्या बुटांत बकरीसारखी चालत होती.

गुहेचं तोंड एवढंसं. बसून, घसरत आत जावं लागतं. मग एक चिंचोळी बोळ, एका वेळी एकच माणूस आडवा होऊन जाईल अशी, आणि त्यापुढे एकदम उंच दालन. मी दिवा वर केला. मी देवळं बघितलीत, जुन्या गोव्यातल्या इगर्जी, म्हणजे चर्चं, बघितल्यात, पण असं छत बघितलं नव्हतं. गाईच्या सडांसारखे सुळके, प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब अडकलेला. काही ठिकाणी दगडाचा पडदा झालेला, चुण्या पडलेला, धुऊन वाळत घातलेल्या लुगड्यासारखा. गार, दमट, वटवाघळांचा उग्र वास. आक्काने बूट काढून हातात घेतले. मीही चपला काढल्या. बाकी सगळे बुटांसकट.

पाच मिनिटं शांतता होती. तेवढीच.

मग मुलांनी हाका मारायला सुरुवात केली, आवाज घुमतो म्हणून. एकाने दगडाचा पातळ सुळका चिमटीत धरून मोडला. काडकन आवाज आला. मी ओरडले. सर्वेश म्हणाला, मावशी, एक असू दे, आत हजारो आहेत. तो थेंबाथेंबाने किती पिढ्या वाढत होता ते मला माहीत नाही, पण मोडला एका क्षणात आणि त्या मुलाच्या खिशात गेला.

घुमणाऱ्या आवाजाने आक्काच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारू लागलं. तिने ते काढून पर्समध्ये ठेवलं आणि मला खुणेने सांगितलं, मी त्या खांबामागे बघते. खांब चार पावलांवर होता. मी मान हलवली.

तेवढ्यात सर्वेशने पिशवीतून रंगीत धुराची नळकांडी काढली आणि पेटवली. गुहेत. बंद गुहेत. व्हिडिओ चांगला दिसतो म्हणून. निळा धूर वर चढला आणि छतावरची सगळी वटवाघळं एकदम सुटली. तोंडावर, केसांत, सगळीकडे पंख. पोरी किंचाळायला लागल्या, कुणीतरी खोकत पळालं आणि मग सगळेच पळाले. मी आक्काकडे वळत होते, पण लोंढ्याने मला त्या बोळीत ढकललं. बोळीत एकदा शिरलं की मागे वळता येत नाही, पाठीवर मागच्याचे हात असतात. माझ्या पुढे पंजाबी ड्रेसचं टोक दिसत होतं. ती आक्काच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बाहेर उजेडात बघते तर ती बंगळूरची एक मुलगी.

मी म्हटलं, आक्का आत आहे. सर्वेश म्हणाला, असं कसं, सगळे बाहेर आले. त्याने माणसं मोजलीच नव्हती. मग म्हणाला, पुढे गेल्या असतील, बाथरूमला वगैरे. मग गुहेच्या तोंडाशी वाकून दोनदा ओरडला, आंटी, आंटी.

"तिला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"मग हे आधी सांगायचं ना, मावशी."

मी त्याच्या कानाखाली मारली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तो पुढे बोलतच होता. धूर निवळेपर्यंत थांबू, फाटक चारला बंद होतं, बाकीच्यांना ड्रायव्हरबरोबर खाली पाठवू. आक्का तिथे अंधारात, कान बंद, डोळे असून नसल्यासारखे, हातात दिवा नाही, फोन नाही, आणि हा वेळेचा हिशेब करत होता. एक मुलगी रडू लागली. तिला बाकीचे समजावत बसले.

मी ओढणी तोंडाला बांधली. माझा दिवा मिणमिणता झाला होता, म्हणून सर्वेशच्या कपाळावरचा मोठा दिवा ओढून घेतला. त्याचे केस ओढले गेले असणार. तेव्हा पाटसकर पुढे आले. जाकीट काढून त्यांनी झुडपावर टाकलं, कारण त्या खिशांसकट ते बोळीत मावले नसते.

"मी येतो. एकटीनं जायचं नाही," ते म्हणाले.

मी बसून, घसरत पुन्हा आत शिरले.

धूर खाली बसला होता, डोळे झोंबत होते. बोळीत पाटसकर अडकले, पोट आत घेऊन सुटले. दालनात आलो तर खांबच खांब. येताना चार पावलांवर असलेला खांब आता कुठला तेच कळेना. हाक मारून उपयोग नव्हता. पाटसकर म्हणाले, दिवा छतावर फिरवा, त्यांना उजेड तरी दिसेल. मी दिवा गोल गोल फिरवत राहिले. प्रत्येक सुळक्याची सावली हलायची आणि मला ती उठल्यासारखी वाटायची. एका ठिकाणी जमीन एकदम खाली गेली होती, खोल, काळी. तिथे मी वाकून बघितलं. तेव्हा काय वाटलं ते लिहीत नाही.

मग डाव्या हाताला, दगडी पडद्याच्या मागून, काहीतरी आपटल्याचा आवाज आला. ठक. ठक. आक्काला उजेड दिसला होता आणि ती कॅनव्हासचा बूट खडकावर आपटत होती.

ती भिंतीला पाठ लावून बसली होती, पाय पोटाशी घेऊन, एक तळवा पुढे पसरून. आम्हाला बघून उठली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली,

"खंय होतंस गो इतको येळ?"

मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. पाटसकर पाठ करून उभे राहिले आणि जाकीट बाहेर राहिलं असतानाही रुमाल शोधत राहिले.

परत

बाहेर आल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. सर्वेश म्हणाला, बघा, मी म्हटलं होतं ना. गाडीत त्याने गाणी लावली. पाटसकरांनी उठून स्वतः ती बंद केली आणि पुढच्या सीटवर पुण्यापर्यंतच जाणार असल्यासारखे घट्ट बसून राहिले. दुपारी त्यांनी आक्काला आपल्या डब्यातली बाकरवडी दिली. मी पण घेतली.

आक्का घाटापर्यंत मशीन पर्समध्येच ठेवून बसली होती. चोर्ल्याचा उतार लागला तेव्हा तिने मशीन कानात घातलं आणि आपणहून बोलू लागली. म्हणाली, धूर आला तेव्हा मी डोळे मिटून खाली बसले. डोळे उघडले तर काहीच फरक पडेना, तेव्हा कळलं की सगळे गेले. दोन पावलं चालले आणि पायाखालची जमीन निसरडी लागली, म्हणून तिथेच बसले.

"पयलां भय वाटला," ती म्हणाली. "मगे हातार एक थेंब पडलो. मगे किती येळ काय नाय. मगे दुसरो. मी हात तसोच धरून बसलंय. म्हटलां, ह्या पाणी ह्या सगळा करता, आनी माका ता दिसूक नाय तरी गावला. मगे राग इलो."

"कोणाचो?" मी विचारलं.

"सगळ्यांचो. तुजो पण."

मी ते ऐकून घेतलं. तिचा हक्क होता.

हरमल

दोन दिवसांनी आक्काच्या सासरकडच्या भाचीने तिला फोन करून अभिनंदन केलं. कशाचं? सर्वेशने व्हिडिओ टाकला होता. निळा धूर, संगीत, वटवाघळं, आणि मध्येच आक्काचा हसरा चेहरा, गुहेच्या तोंडाशी आत जायच्या आधीचा. खाली लिहिलं होतं, आमची सगळ्यात भन्नाट पाहुणी, वय म्हणजे फक्त आकडा. हजारो लोकांनी तो बघितला होता.

आक्का डिचोलीहून बस बदलत हरमलला आली. घरात आली नाही, मला बाहेर बोलावलं आणि दोघी चालत सर्वेशच्या दुकानावर गेलो. तो गिऱ्हाइकाला स्कूटरची चावी देत होता. खुर्ची पुढे केली, थंड मागवू का विचारलं. मावशी, एवढं मनावर घेऊ नका, म्हणाला, सुखरूप आलात ना, लोकांना व्हिडिओ आवडलाय.

आक्का खुर्चीवर बसली. मशीन नीट केलं.

"माझा नाव काय रे?"

सर्वेश हसला. मग माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

"आंटी, म्हणजे..."

"दोन दिस तुझ्या गाडयेत होतंय. माझा तोंड जगाक दाखयलंस. मी थंयच मेलंय असतंय तर पोलिसांका कोणाचा नाव सांगतलस?"

गिऱ्हाईक चावी हातात घेऊन उभंच राहिलं होतं, त्याला भाषा कळली नसेल, पण चावी परत ठेवून ते स्कूटर न घेता निघून गेलं. सर्वेशने आमच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. आक्का उठली. नाव तिने त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी निघताना तो माझ्या मागे आला. हळू आवाजात म्हणाला, मावशी, तुमच्या पाहुण्यांना हे सांगू नका, दोघांचाही सीझन आहे. मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगणार. तेव्हापासून त्याने मला एकही पाहुणा पाठवलेला नाही. नाताळात दोन खोल्या रिकाम्या होत्या. असू देत.

त्याच्या सहली थांबलेल्या नाहीत. लोकांना वाटतं, कुणी मेलं नाही तर काही झालंच नाही. मी पोलिस ठाण्यात तक्रार घेऊन गेले, तिथल्या साहेबांनीही हेच विचारलं, कुणाला इजा झाली का. आक्का मात्र पुन्हा जायचं म्हणते. त्या कुणब्याच्या घरी तिने परस्पर फोन केलाय, शिवरात्रीला गावाबरोबर जाणार आहे. पाटसकरही येणार आहेत म्हणे. मला विचारलं नाही, मी पण जाणार हे गृहीत धरलंय.

तोवर माझं एक काम चालू आहे. दर शनिवारी सकाळी सर्वेशची गाडी आमच्या दारावरून जाते. मी झाडू टाकून वाटेच्या मधोमध उभी राहते. गाडी थांबवावीच लागते, वाट अरुंद आहे. मी खिडकीशी जाऊन आतल्या लोकांना माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारते, गावचा वाटाड्या बरोबर आहे का, प्रत्येकाकडे दिवा आहे का, तुमच्यात कुणाला कमी ऐकू येतं का. परवा एक बाई तिच्या आईला घेऊन खाली उतरली. सर्वेश हॉर्नवर हात दाबून बसतो. शेजारीपाजारी बाहेर येतात.

वाजव म्हणावं. माझे कान अजून चांगले आहेत.